निनावी सायकलीची ओळख

इंदूर शहराच्या दक्षिणेकडील भंवरकुआं हा भाग विद्यार्थ्यांचा म्हणून ओळखला जातो. होळकर संस्थानाच्या काळात १८९१ साली सुरू झालेले होळकर महाविद्यालय याच परिसरात आहे, १९६४ साली स्थापन झालेल्या आणि १९८८ पासून देवी अहिल्याबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर जवळच खंडवा रस्त्यावर आहे, आणि शिकवणी वर्गांच्या दाटीमुळे माळव्यातील व निमाडातील गावोगावचे तरुण येथे खोल्या घेऊन राहतात. जेथे वस्तीच दर दोन-चार वर्षांनी बदलते, तेथे कोणाची तरी सायकल मागे राहून जाणे स्वाभाविक असते. अशी एखादी सायकल भिंतीला टेकून कित्येक महिने उभी राहते, तिच्यावरची नावाची पट्टी गळून पडलेली असते, मडगार्डावरची अक्षरे पुसलेली असतात, आणि अखेरीस ती वजनावर भंगारात जाते. २०१७ पासून देशपातळीवरील स्वच्छता सर्वेक्षणात सातत्याने अग्रक्रमावर राहिलेल्या या शहरात रस्त्यावरची बेवारस वस्तू फार काळ तशीच राहत नाही. ही गोष्ट शहराला भूषणावह असली, तरी जुन्या सायकलीची ओळख पटवायची असेल तर ती उचलली जाण्यापूर्वीच पटवावी लागते.

निनावी सायकलीसंबंधी दोन प्रश्न उभे राहतात. ती कोणाची, हा पहिला. आणि ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या काळात तयार झाली, हा दुसरा. जुन्या वस्तूंचे अभ्यासक बहुधा दुसऱ्या प्रश्नाकडे धाव घेतात, पण न्यायाने आणि कायद्यानेही पहिल्या प्रश्नाला अग्रमान आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ७१ व्या कलमानुसार दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमानुसार मालक कोण हे ठाऊक असताना किंवा शोधून काढण्याचे साधन हाती असताना, अथवा मालकाच्या शोधाचे वाजवी प्रयत्न करून त्याला वाजवी अवधी देण्यापूर्वीच, सापडलेली वस्तू स्वतःची म्हणून वापरणे हा अपराध ठरतो. बेवारस मालमत्ता ताब्यात घेण्याचे काम १८६१ च्या पोलीस कायद्याने पोलिसांकडे सोपवलेले आहे. दंडाधिकारी त्या वस्तूंचे वर्णन देऊन जाहीरनामा काढतो आणि हक्क सांगणाऱ्याला सहा महिन्यांची मुदत मिळते. त्यामुळे सायकल सापडल्याची नोंद पोलीस ठाण्यात करणे ही ओळख पटवण्याची पहिली पायरी आहे, आणि त्या नोंदीत ‘एक जुनी काळी सायकल’ असे मोघम लिहिण्याऐवजी नेमके वर्णन असेल, तरच मूळ मालकाला आपली सायकल त्यातून ओळखता येते. कारखाना ओळखण्याची विद्या अशा रीतीने मालकाच्याही कामी येते.

या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. हा क्रमांक बहुधा सीटखालील नळीच्या वरच्या टोकाशी असतो, किंवा पायडलांचा आस ज्या आडव्या पोकळ भागातून जातो आणि ज्याला कारागीर ‘बी.बी.’ म्हणतात, त्याच्या खालच्या बाजूस असतो. काही सायकलींत तो मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेजवळही आढळतो. माळव्याची काळी चिकट माती आणि वर्षानुवर्षांचे वंगण यांच्या थराखाली तो झाकला गेलेला असतो, म्हणून प्रथम रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने तो भाग पुसावा, मग अंधाऱ्या जागी विजेरी अगदी तिरपी धरून पाहावे, आणि अखेरीस पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा. पॉलिश कागदाने किंवा कानशीने घासणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण हे अंक मुळातच उथळ ठोकलेले असतात आणि गंजाबरोबर तेही निघून जातात. मोटारीप्रमाणे सायकलीची सरकारदरबारी नोंदणी होत नसल्याने हा क्रमांक कोठल्याही एका नोंदवहीत शोधता येत नाही. मालकाकडील खरेदीची पावती किंवा कारखान्याचे दप्तर हाती असेल तरच तो बोलू लागतो. पूर्वी अनेक शहरांत नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. असा बिल्ला सांगाड्यावर अजून टिकला असेल, तर त्यावरील गावाचे नाव आणि वर्ष यांचे मोल कारखान्याच्या नावापेक्षाही अधिक असते.

कारखान्याचा शोध घेताना एक तत्त्व ध्यानात ठेवावे लागते: सायकल ही एकसंध वस्तू नसून वेगवेगळ्या काळी बसवलेल्या सुट्या भागांचा समुच्चय आहे. टायर, साखळी, सीट, पायडल आणि ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग असल्याने ते बदललेले असणारच. हँडल, मडगार्ड आणि चाकेही पुष्कळदा बदललेली असतात. सर्वांत शेवटी बदलतो तो सांगाडा, म्हणून निर्णायक साक्ष सांगाड्याची मानावी आणि इतर भागांची साक्ष पूरक समजावी. याच कारणाने, तपासणी पुरी होईपर्यंत एकही भाग काढू नये आणि रंग तर मुळीच देऊ नये.

सांगाड्याच्या पुढच्या बाजूस, हँडलखाली जी आखूड उभी नळी असते, तिच्यावर कारखान्याचा बिल्ला रिव्हेटांनी बसवलेला असे. बिल्ला गेला तरी रिव्हेटांची भोके उरतात, आणि पुष्कळदा बिल्ल्याच्या आकाराचा न विटलेला रंगही खाली दिसतो. भोके किती आहेत, ती उभ्या रेषेत आहेत की आडव्या, आणि त्यांच्यातील अंतर किती मिलिमीटर आहे, एवढे मोजून घेतले तरी ओळख पटलेल्या सायकलींच्या बिल्ल्यांशी ते ताडून पाहता येते. नळ्यांच्या जोडांवर बसवलेले पोलादी आवरण, ज्याला ‘लग’ म्हणतात, त्याची कड कशी कापली आहे हेही टिपून ठेवावे. त्यानंतर पुढचे चाक धरणारा चिमटा पाहावा. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या चिमट्याची दोन्ही टोके माथ्याशी गोलाकार असून त्यांवर चकचकीत टोप्या असतात. ही घडण पुढे भारतात बनलेल्या सायकलींवरही दिसते, त्यामुळे तिच्यावरून एकदम निष्कर्ष काढता येत नाही. हंबर सायकलीचा जोडनळीचा चिमटा मात्र सहज वेगळा ओळखू येतो, कारण त्यात प्रत्येक बाजूला एका जाड नळीऐवजी दोन बारीक नळ्या समांतर उतरतात.

पायडलाजवळचे मोठे दातेरी चक्र हा सायकलीचा सर्वांत बोलका भाग होय. ब्रिटिश कारखाने या चक्राच्या मधल्या जाळीत आपले चिन्ह कापून काढीत, आणि ते पोलादातच असल्याने रंग उडाला तरी नष्ट होत नसे. रॅलेच्या चक्रात लांब चोचीच्या बगळ्याची डोकी दिसतात, कारण कंपनीचे संस्थापक फ्रँक बोडेन यांच्या कुलचिन्हात तो पक्षी होता, रज-व्हिटवर्थच्या चक्रात उघडा पंजा असतो, हंबरच्या चक्रात धावत्या माणसांच्या आकृती असतात, बी.एस.ए.च्या चक्रात कंपनीची आद्याक्षरे असतात. मात्र येथेही सावधगिरी हवी. रॅलेने १९३२ मध्ये हंबर आणि १९४३ मध्ये रज या सायकलींचे हक्क घेतले, तर १९६० मध्ये रॅले आणि हर्क्युलिस, फिलिप्स, बी.एस.ए. ही नावे बाळगणारा उद्योगसमूह एकत्र आला. त्यामुळे चक्रावर एक नाव आणि सांगाडा दुसऱ्याच घराण्याचा, असे कारखान्यातूनच निघालेल्या सायकलीतही घडू शकते. शिवाय चक्र सहज बदलता येते, म्हणून चिन्हाची साक्ष सांगाड्याशी पडताळून पाहिल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

हा पडताळा घेण्याचे एक भरवशाचे साधन म्हणजे बी.बी.मधील आटे. ब्रिटनमधील बहुतेक कारखाने या ठिकाणी एका इंचात २४ आटे पाडीत, तर रॅले आपल्या कारखान्यात २६ आटे पाडीत असे. आट्यांचे माप घेण्याची दातेरी पट्टी यंत्रकाम करणाऱ्या कारागिराकडे असते, आणि भंवरकुआंसारख्या भागातील जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याला तर बी.बी.त आसाला धरणारा आटेदार कप घट्ट बसतो की डगमगतो यावरूनही हा फरक कळू शकतो. हे काम सायकल उघडूनच करावे लागते, म्हणून ते क्रमाने अखेरचे ठेवावे आणि मालकीचा प्रश्न निकालात निघाल्यावरच हाती घ्यावे.

काळ ठरवण्यासाठी मागच्या चाकाचे हब, म्हणजे आऱ्या ज्यात ओवलेल्या असतात तो मधला दंडगोल, काळजीपूर्वक पाहावा. त्यावर स्टर्मे-आर्चर हे नाव असेल, तर ओळख पटवणाऱ्याचे निम्मे काम झाले असे समजावे, कारण १९०२ पासूनचा इतिहास असलेली ही कंपनी आपल्या गिअरच्या हबवर दीर्घकाळ निर्मितीचे साल कोरत असे. हबच्या कवचावर ‘एडब्ल्यू’ ही तीन गतींच्या गिअरची खूण आणि तिच्याजवळ ५२ हा अंक दिसला, तर तो हब १९५२ चा होय. मग त्यावरून सायकलीबद्दल काय म्हणता येते? हब मुळातला असेल तर सायकल १९५२ च्या आसपासची. हब नंतर बसवला असेल तर सायकल त्याहून जुनीही असू शकते. एकाच भागावरील सालातून संपूर्ण वस्तूचे वय काढण्याची चूक जाणकारही करतात, म्हणून निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय साल निश्चित करू नये.

अशा पूरक खुणा पुष्कळ आहेत. मुलामा किंचित पिवळसर झाक असलेला निकेलचा असेल, तर तो भाग क्रोमचा निळसर मुलामा सायकलींवर रुळण्यापूर्वीचा, म्हणजे साधारण १९३० च्या आधीचा असण्याची शक्यता वाढते. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आऱ्या असणे ही ब्रिटिश परंपरा असून भारतीय कारखान्यांनी ती तशीच पुढे चालवली. दोन्ही चाकांना ३६ आऱ्या असतील, तर चाके वेगळ्या परंपरेतील किंवा नंतरची असण्याचा संभव असतो. टायरवर २८ × १½ किंवा ४०-६३५ असे माप असेल आणि ब्रेक तारेऐवजी सळ्यांनी ओढले जात असतील, तर ती सरळ बसून चालवायची, ओझे वाहणारी रोजच्या वापराची दांडीची सायकल होय, जी दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या दारी उभी असे.

भारतीय कारखान्यांची साले ही या शोधातील पक्की खालची मर्यादा ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीच्या हिंद सायकल्सने देशी उत्पादनाचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथील टी.आय. सायकल्स, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आसनसोलचा सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतचा ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाचा हीरो असे कारखाने उभे राहिले. सेन-रॅले आणि हिंद सायकल्स या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. सांगाड्यावर ॲटलसची खूण असेल, तर ती सायकल १९५१ पूर्वीची असणे अशक्य, एवढे ठामपणे म्हणता येते. आणि रॅले नाव दिसले तर ती नॉटिंगहॅमची की आसनसोलची, हा पुढचा प्रश्न सोडवावा लागतो. दारच्या जुन्या सायकलीला सरसकट ‘विलायती’ म्हणण्याची जी सवय आहे, ती आसनसोलच्या आणि सोनीपतच्या कामगारांवर अन्याय करणारी आहे.

तपासणीचा निष्कर्ष लिहिताना तीन स्तंभ करावेत: निश्चित काय, संभाव्य काय, आणि कशाचा पुरावा मिळाला नाही. सांगाड्याचा क्रमांक, भोकांमधील अंतर, चक्रावरील चिन्ह, हबवरील अंक, आऱ्यांची संख्या आणि टायरचे माप यांची नोंद, तसेच दोन्ही बाजूंची छायाचित्रे, एवढे साहित्य जमले की ते पोलिसांच्या नोंदीला जोडता येते आणि संग्राहकांनाही दाखवता येते. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायकल संग्रहालयासारख्या ठिकाणी ओळख पटलेल्या जुन्या सायकली एकत्र पाहायला मिळतात, आणि तुलनेसाठी त्याहून चांगली सोय नाही.

एवढा खटाटोप एका गंजक्या सायकलीसाठी करावा का, असे कोणी विचारील. ॲटलसचा मालनपूरचा, म्हणजे मध्य प्रदेशातीलच, कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, २०१८ मध्ये सोनीपतचा आणि ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, साहिबाबादचा. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले त्याआधीच इतिहासजमा झाले होते. ज्या उद्योगाने देशातील सामान्य माणसाला कामावर, शाळेत आणि बाजारात नेले, त्याच्या हस्तकौशल्याचा पुरावा रस्त्यावर उरलेल्या सायकलींच्या जोडांत आणि ठोकलेल्या अंकांत आहे. म्हणून भंवरकुआंच्या वसतिगृहांनी, घरमालकांनी आणि दुरुस्तीवाल्यांनी बेवारस सायकल भंगाराला देण्यापूर्वी तिचा क्रमांक व वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत पाडली, तर एखाद्या विद्यार्थ्याला त्याची सायकल परत मिळेल, आणि ज्यांचे मालक कधीच सापडणार नाहीत, त्या सायकली कोणी आणि कोठे घडवल्या हे तरी पुढच्या पिढीला कळेल.