माती, पीठ की दाणे? लाकूड कोण खातंय ते आधी ओळखा

आम्ही दिंडोशीच्या बायका बोलतोय. दिंडोशी म्हणजे मुंबईच्या उपनगरातला गोरेगाव-मालाडच्या पूर्वेचा भाग. एका अंगाला चित्रनगरी, पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पावसाळ्यात डोंगराचं पाणी आमच्या भिंतींत मुरतं. ओली भिंत, मागे जंगल आणि घरात प्लायवूडचं कपाट. लाकूड खाणाऱ्या किडीला आणखी काय हवं? तुमच्याकडे प्लायवूडच्या जागी वासे, तुळया आणि सरपण असेल, पण कीड तीच.

घरात लाकूड पोखरलेलं दिसलं की आपण सरसकट "वाळवी लागली" म्हणतो आणि औषध आणायला धावतो. पण लाकूड खाणारे तीन वेगवेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून आधी खाली काय पडलंय ते बघा: माती, पीठ की दाणे.

माती दिसली तर ती जमिनीतली वाळवी. पांढरी मुंगी म्हणतात खरी, पण ती मुंगी नव्हे, झुरळाच्या जवळची आहे. नागपंचमीला आपण ज्या वारुळाची पूजा करतो, ते बहुतेक वेळा हिनेच बांधलेलं असतं. साप तिथे मागाहून राहायला येतो. तिचं अंग मऊ असतं, उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून ती भिंतीवरून मातीची पेन्सिलएवढी नळी बांधते आणि आतून ये-जा करते. लाकूड आतून खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. चौकटीवर बोटाने ठोका. पोकळ, बद्द आवाज आला तर आत तिचं काम चालू आहे.

पीठ पडत असेल तर तो घुण, म्हणजे लाकडातला भुंगेरा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुगा. बांबूत आणि लाकडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं, त्यावर तो जगतो. सागाचा आतला गाभा टिकतो, पण त्याच सागाची पांढरी कड तो खातो. लाकूड घेताना ही पांढरी कड किती आहे ते बघून घ्या.

खसखशीसारखे कोरडे दाणे पडले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. समुद्रकाठच्या दमट हवेत ती आढळते. तिला जमिनीची गरज नाही, ती लाकडातच घर करते. दाणा भिंगाखाली धरला तर त्याला सहा बाजू दिसतात.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पंखवाले किडे येतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि तिची कंबर बारीक नसते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. किडे बाहेरून दिव्याला आले तर घाबरू नका. पण भिंतीच्या फटीतून, चौकटीतून निघाले, तर वस्ती घरातच आहे.

आता उपाय. जमिनीतल्या वाळवीची नळी दिसली की सगळी खरवडून टाकू नका. बोटभर तुकडा मोडा आणि चार-पाच दिवसांनी बघा. परत बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे. नळी कुठून निघते ते काम करणाऱ्याला दाखवा. नुसत्या नळीवर रॉकेल ओतलं तर वरच्या चार मरतात, जमिनीतली राणी अंडी घालतच राहते. शिवाय आगीचा धोका वेगळा.

औषध जमिनीत जायला हवं. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात साधारण एकेक फुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध भरतात आणि भोकं सिमेंटने बुजवतात. नुसता वरवर फवारा मारून कुणी पैसे मागत असेल तर त्याला हे विचारा. परवानाही विचारा, पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला तो लागतो. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. गरोदर बाई, तान्हं मूल आणि दम्याचा माणूस घरात नको. अन्न-पाणी बाहेर काढा, खिडक्या उघड्या ठेवा. विहिरीजवळ औषध ओतू नका आणि उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. बाटलीसकट दवाखाना गाठा.

घुण लागलाय का हे कळायला भुगा झाडून खाली काळा कागद ठेवा. आठवड्यात नवा भुगा पडला तर कीड चालू आहे. पोळपाट-लाटण्याला विष लावायचं नाही. उकळतं पाणी द्या आणि नीट वाळवा. बांबू वापरायच्या आधी दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातलं पिष्ट कमी होतं. मांडवाच्या, कुडाच्या बांबूला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवतात. मात्र हे औषध पावसाने धुऊन जातं, म्हणून तो बांबू छपराखालीच वापरा. दाणे पडणारी वस्तू लहान असेल तर घराबाहेर काढा. मोठी असेल तर जाणकाराकडून लाकडातच औषध भरून घ्या.

खरं राखण मात्र औषधाच्या आधीचं. जुन्या लोकांनी लाकडी खांबाखाली दगडी तळखडा घातला, तो लाकूड मातीला टेकू नये म्हणूनच. सरपण आणि गोवऱ्या भिंतीला लावून रचू नका, दगडांवर आणि हातभर दूर रचा. शेणाने सारवलं म्हणून वाळवी थांबत नाही, वाळलेलं शेणही ती खाते. गळकं कौल, मोरीचा पाझर आधी दुरुस्त करा. सातबारा, खरेदीखत, रेशनकार्ड, गटाची वही पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटी विटांवर, भिंतीपासून दूर. कपाट नवं घेता येतं. जमिनीचा कागद वाळवीने खाल्ला तर दुसरी प्रत काढायला किती खेपा पडतात, ते बायकांनाच ठाऊक.

आमच्या चाळीत खोल्यांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. एकीने औषध भरलं तर वाळवी शेजारच्या खोलीत सरकते आणि वर्षा-दोन वर्षांत परत फिरते. गावातल्या जोडभिंतीच्या घरांचंही तेच. म्हणून हे एकटीचं काम नाही. पोटमाळ्याची तुळई पोकळ झाली तर ती कुणाच्या मुलांवर पडेल ते वाळवी विचारत नाही. मृगाच्या आधी गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, एकेकीच्या घरी जाऊन चौकटी ठोकून बघा, आणि औषध भरायचंच असेल तर ओळीतल्या सगळ्या घरांनी एकदम भरा. माणूस एकदाच येतो, खर्च वाटला जातो आणि कुणी एकटी फसत नाही.

तर मैत्रिणींनो, आज रात्री झाडू मारताना दाराच्या चौकटीखाली जरा वाकून बघा. भेटू पुढच्या वेळी.