भिंतीआडची तार

घर बांधताना विटा कोणत्या, सिमेंट कोणते, दारे सागवानी की साधी, याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. विजेच्या तारेची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. ती एकदा गिलाव्याआड गेली की दृष्टीआड होते, आणि तिची आठवण संकट आल्यावरच होते.

तारेतून प्रवाह गेला की तार तापते. किती तापते, याचा नियम जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. शिवाय तार जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा रोध अधिक.

एक हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. मीटरपासून न्हाणीघर वीस मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार झाली चाळीस मीटर. ती एक चौरस मिलिमीटर जाडीची, तांब्याची असली, तर तिच्यातच सुमारे ५५ वॅट शक्ती उष्णता होऊन जाते. 'अडीचची' तार घातली, तर अवघी २२ वॅट. आता त्याच बारीक तारेवर हजार वॅटची इस्त्री लावा. भार दीडपट झाला. उष्णता मात्र सव्वादोन पट, म्हणजे सुमारे १२३ वॅट! ही उष्णता भिंतीतल्या नळीत कोंडून राहते. तारेवरचे साधे पीव्हीसीचे वेष्टण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते लवकर जुने होते, कडक होते, तडकते. चूक आज होते; आग कदाचित काही वर्षांनी लागते.

कोणी म्हणेल, "पण फ्यूज आहे ना?" येथेच आपली गल्लत होते. फ्यूज, किंवा आजचा एमसीबी, हा मुख्यतः तारेचा रक्षक आहे, गिझरचा नव्हे. तो वारंवार पडतो म्हणून त्या जागी मोठा बसवणे, किंवा फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळणे, म्हणजे राखणदार ओरडतो म्हणून त्यालाच हाकलून देऊन निजण्यासारखे आहे. मग भिंतीतली तारच फ्यूजचे काम करू लागते!

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम भार मोजावा, मग त्याला पुरेल असा एमसीबी निवडावा, आणि तार त्या एमसीबीहून अधिक प्रवाह सुखाने वाहणारी घ्यावी. तांब्याच्या तारेचा सर्वसाधारण प्रघात असा : दिवे-पंख्यांना दीड, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, वातानुकूलन यंत्राला चार चौरस मिलिमीटर. अंतर फार असेल किंवा एकाच नळीत पुष्कळ तारा असतील, तर एक पायरी वर जावे.

वायरमनला रंग कोणता देणार, हे विचारण्याआधी विचारा, "या तारेवर एमसीबी किती अँपिअरचा?" या एका प्रश्नाने घर वाचू शकते.