जवसाचं जेल आणि केसांची टोकं

गोंदिया जिल्ह्यात धान कापणीला येण्याआधी, बांधीत ओल असतानाच उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही; धान निघालं की उरलेल्या ओलीवर पीक वाढतं. या जवसाची चटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो. आता मुली त्याचाच हेअर मास्क करू लागल्या आहेत. तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

केसाचा जिवंत भाग त्वचेच्या खाली असतो; वर दिसतो तो निर्जीव धागा. तो महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटरच्या वेणीचं टोक जवळपास ५ वर्षांचं असतं. मुळाशी केस मऊ आणि टोकाशी खरबरीत का लागतो, ते यावरून कळेल. त्या टोकानं पाच रोवण्यांचं ऊन सोसलेलं असतं.

केसावर बारीक खवल्यांचं आवरण असतं, घरावरच्या कवेलूंसारखं एकावर एक. ऊन, साबण, ब्लीच, ओल्या केसांत ओढलेली फणी यांनी हे कवेलू उचकटतात. वानरं नाचून गेल्यावर छपराचं होतं तसंच. मग केस एकमेकांत अडकतात, तुटतात. ओला केस टोकाकडून मुळाकडे चिमटीत हलकेच सरकवून पाहा, खरखर बोटांना लागते.

दुकानातल्या मास्कमध्ये धन भार असलेले घटक असतात. झिजलेल्या जागी केसावर ऋण भार जास्त असतो, म्हणून ते नेमके तिथेच जास्त चिकटतात. सोबतचे स्निग्ध पदार्थ वरून गुळगुळीत थर देतात. त्यामुळे मास्क डोक्याच्या त्वचेला चोळायचा नसतो. शाम्पूनंतर केस पिळून, पाणी टिपून, मधल्या भागापासून टोकापर्यंत लावायचा. १० ते २० मिनिटं बस होतात, रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

जवसाचं काम याहून साधं आहे. बीच्या सालीत बुळबुळीत द्रव्य असतं, ते गरम पाण्यात सुटतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी दाटतं, पळी उचलली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच सुती कापडातून गाळा. थंड झाल्यावर ते कापडातून उतरतच नाही. हे जेल केसावर पातळ पापुद्रा धरतं, केस सुळसुळीत करतं. जवसातलं ओमेगा-३ केसांत मुरतं, असं सांगतात ते मात्र पटण्यासारखं नाही. तेल बीच्या आत असतं, जेलमध्ये ते फारसं उतरत नाही. आणि तेल वेगळं आणून लावू नका. हवेत वाळून घट्ट होणारं हे तेल रंगात वापरतात, केसांत ते चिकट राहतं. जेल एकदोन दिवसांत संपवा, आधी कानामागे लावून पाहा.

केसाच्या आत शिरणारं तेल हवं असेल तर खोबरेल. मुंबईतल्या मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांत केसातल्या प्रथिनांची झीज कमी करणारं खोबरेलच ठरलं. कंपनी खोबरेल विकते हे ध्यानात ठेवलं, तरी त्यामागचं कारण पटणारं आहे: त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यानं आत शिरतं. म्हणून नहाण्याआधी तेल लावण्याची आजीची सवय मला कोणत्याही महागड्या डबीपेक्षा मोलाची वाटते.

दुभंगलेलं टोक कोणत्याही मास्कनं जुळत नाही, ते कापावंच लागतं. आणि केस मुळापासून पुंजक्यानं गळत असतील तर मास्कचा उपयोग नाही. रक्त कमी असणं, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप अशी कारणं त्यामागे असतात. मुलींनो, बायांनो, अशा वेळी जवस शिजवत बसू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.