क्रिएटिनिन 1.2 आलं, म्हणजे किडनी ठीक आहे का?

मोहल्ल्यातल्या एका सत्तर वर्षांच्या खालांचा रिपोर्ट परवा पाहिला. क्रिएटिनिन 1.2, शेजारी छापलेली मर्यादा 0.6 ते 1.3. "नॉर्मल आहे" म्हणत घरच्यांनी कागद कपाटात ठेवून दिला होता.

आता गंमत बघा. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन 1.2 असेल, तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर 86 च्या आसपास येतो. सत्तरीच्या बाईचा मात्र जेमतेम 49! ईजीएफआर म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर डॉक्टर किडनीचा जुनाट आजार धरतात.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. वयाने अंग वाळलं की ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. उलट आदल्या रात्री दावतीत मटणावर ताव मारला असेल, तर आकडा तात्पुरता वर जातो.

मोजण्याच्या पद्धतीही दोन. जाफे पद्धत 1886 ची. पिक्रिक अॅसिडने येणारा नारिंगी-लाल रंग मोजायचा. स्वस्त म्हणून आजही अनेक लॅब तीच वापरतात. पण रक्तातली जास्त साखर, कीटोन, प्रथिनंही तसाच रंग देतात, आणि कावीळ असेल तर आकडा उलट कमी दिसू शकतो. एन्झाइम पद्धत महाग, पण नेमकी. म्हणून या महिन्यात एक लॅब, पुढच्या महिन्यात दुसरी, असं करून आकड्यांची तुलना करू नका. पद्धत कोणती, हे लॅबवाल्याला बिनधास्त विचारा.

सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, त्यामुळे हडकुळ्या किंवा वृद्ध माणसांसाठी ते उपयोगी. थायरॉइड किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर तेही फसवतं. चोवीस तासांची लघवी गोळा करण्यात एखादी वेळ हमखास सुटते, आणि हिशेब बिघडतो. इन्युलिनची चाचणी सगळ्यांत अचूक, पण ती रोजच्या वापरातली नव्हे.

शुगर किंवा बीपी असलेल्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासायलाच हवं. ईजीएफआर चांगला असतानाही ते 30 च्या वर जाऊ शकतं, आणि तेव्हा उपचाराला वेळ हातात असतो. खालांना शुगर बारा वर्षांपासून आहे. ही तपासणी त्यांना आजवर कुणी सांगितलीच नव्हती.