बिबळ्याला गोळी घालावी काय?

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो. रत्नागिरीहून पावसकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळले, की चिऱ्याच्या गडग्यांमधून एक पायवाट खाली उतरते आणि आंब्याच्या कलमांतून वाडीत शिरते. संध्याकाळी सातलाच तेथे मिट्ट काळोख होतो. मला शेजारच्या वाडीत फराळाचा डबा पोचवावयाचा होता. मी चपला घालतो न घालतो तोच मामा ओटीवरून म्हणाले,

"बॅटरी घे. आणि मोठ्याने बोलत जा."

"कुणाशी बोलू, मामा?"

"स्वतःशी बोल, नाहीतर गाणे म्हण. माणूस येतोय, हे वाघाला कळायला हवे."

मी हसलो. मामा मात्र हसले नाहीत. तेवढ्यात मामींनी कुत्र्याला हाक मारून घरात घेतले आणि गोठ्याचे दार लावून आडणा सरकवला. वाघ म्हणजे पट्टेरी वाघ नव्हे. कोकणात बिबळ्यालाही वाघच म्हणतात, आणि या वाडीत तो अधूनमधून येतो. जेवणे झाल्यावर मामांनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

"तुम्ही मुंबईची माणसे म्हणता, वाघ वाचवा. वाचवा की! पण तो ज्याच्या पडवीत येतो, त्याने काय करावे, तेही एकदा सांगून टाका."

वाचकहो, हा प्रश्न केवळ माझ्या मामांचा नाही. माणसावर हल्ला करणाऱ्या श्वापदाला ठार मारावे की नाही, या वादात आपण शहरवासी हिरिरीने भाग घेतो. पण आपल्या दाराशी कोणी येत नाही, म्हणून आपले मत स्वस्त असते. तेव्हा घाईने मत देण्यापूर्वी प्रकरण काय आहे, ते नीट पाहू या.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे. डोंगरउतारावरची झाडी, काजूच्या आणि आंब्याच्या बागा, सडे, ओढ्याकाठची दाट राई, हे सारे बहुतेक खाजगी मालकीचे. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा थोडा भाग पूर्वेकडे या जिल्ह्याला लागतो, पण बिबळ्या काही सरकारी हद्दीचा नकाशा पाहून राहत नाही. जिथे दिवसा लपावयास झाडी आणि रात्री पोट भरावयास कुत्रे, वासरू, शेळी आहे, तिथे तो राहतो. वाडीवर या दोन्ही गोष्टी आहेत. चाकरमानी मुंबईला गेले, घरे बंद पडली, परड्यांत रान माजले. त्यामुळे लपण्याची सोयही वाढली.

म्हणूनच संगमेश्वर, लांजा, राजापूर या बाजूंना बिबळ्या विहिरीत पडल्याची बातमी वारंवार येते. कोकणातल्या पुष्कळ विहिरींना कठडा नसतो. रात्री कुत्र्याच्या किंवा मांजराच्या मागे धावताना जनावर सरळ आत जाते. सकाळी पाण्याला गेलेल्या बाईला गुरगुर ऐकू येते. गाव गोळा होते, वनखात्याची माणसे येतात, दोराने पिंजरा खाली सोडतात. दमलेले जनावर पिंजऱ्यात शिरले की त्याला वर ओढतात. काठावर उभे राहून दोर ओढणारे हात बहुधा गावकऱ्यांचेच असतात. कोकणी माणूस वाघाचा वैरी आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे.

परंतु सगळेच प्रसंग असे गोड नसतात. २०१९-२० च्या सुमारास पावस, मेर्वी, गणेशगुळे या पट्ट्यात बिबळ्याने माणसांवर झडपा घातल्या, दुचाकीवरून जाणाऱ्यांनाही सोडले नाही. वनखात्याने पिंजरे मांडले, झाडांना कॅमेरे बांधले. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडू लागले. अशा वेळी "मारून टाका" ही आरोळी उठली, तर तिला क्रूर म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

या आरोळीचे टोक विदर्भात पाहावयास मिळाले. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात एका वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे बळी मांडले गेले. सरकारी दप्तरात ती टी-१ आणि वृत्तपत्रांत अवनी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. दिवाळी अवघ्या काही दिवसांवर होती. बातमी पसरताच त्या भागातील गावकऱ्यांनी फटाके उडवले. तिकडे शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले, कारण तिच्यामागे दोन बछडे राहिले होते. एकाच गोळीने एकीकडे दिवाळी झाली, दुसरीकडे सुतक पडले. यातले कोण खोटे? मला वाटते, कोणीच नाही. ज्यांच्या घरची माणसे शेतातून परत आली नाहीत त्यांचा आनंद खरा होता, आणि बछड्यांसाठी कळवळणाऱ्यांचे दुःखही खरे होते. फरक इतकाच, की एकाला दुसऱ्या दिवशी त्याच शेतात जावयाचे होते.

"मारू नका, धरून दूर सोडा," असा मधला मार्ग आपल्याला फार आवडतो. ऐकावयास तो किती माणुसकीचा वाटतो! परंतु पुणे जिल्ह्यातील जुन्नरने या मार्गाची किंमत मोजलेली आहे. २००१ ते २००३ या काळात तेथे उसाच्या फडांत राहणारे बिबळे धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांसह या काळाचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या काळात सतरावर गेले. घरदार ओळखणारे जनावर अनोळखी मुलखात टाकले, की ते बावरते, भटकते, माणसांच्या वाटेत येते. त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबळ्या घेतो, तो वेगळाच.

आणि सोडलेले जनावर तिथेच राहते, असेही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत सापडला. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाजवळ सोडण्यात आले. डोंगर, रेल्वे, वस्त्या ओलांडीत तो सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. संशोधकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. पुढे २०१४ मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. एवढ्या वाटचालीत आजोबाने एकाही माणसाला हात लावला नाही. म्हणजे बिबळ्या दिसला की तो माणूस खाणारच, हे खरे नाही. अकोले तालुक्यातील पाहणीत त्यांच्या अन्नात जवळजवळ ४० टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. त्याचे लक्ष आपल्यावर नसून आपल्या उकिरड्यावर जगणाऱ्या कुत्र्यावर असते.

मग मारावे की नाही? माझ्या मते या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: कोणाला? विहिरीतला, गोठ्यात शिरलेला, दुचाकीवर झेपावलेला आणि माणसाला भक्ष्य म्हणून धरणारा, हे चार बिबळे एकाच तराजूत घालता येत नाहीत. गोठ्यातला भुकेला असतो. पळत्यावर झडप घालणे हा तर मांजराच्या जातीचा स्वभावच. कोंडीत सापडलेले जनावर सुटण्यासाठी पंजा मारते. यातला कोणीही नरभक्षक नव्हे. पण एकाच टापूत पुन्हा पुन्हा माणूस मारणारे आणि खाणारे जनावर ही गोष्ट निराळी. रुद्रप्रयागच्या एका बिबळ्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसे मारल्याची सरकारी नोंद आहे. त्याला जिम कॉर्बेटने मारले. अशा जनावराला दया दाखवणे म्हणजे पुढच्या बळीशी निर्दयपणा करणे होय.

पण त्याच कॉर्बेटची एक गोष्ट आपण विसरतो. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे काम अंगावर घेताना त्याने अट घातली, की आधी सारी बक्षिसे रद्द करा आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवा. बक्षिसासाठी बंदुका घेतलेले लोक रानात शिरले म्हणजे गोळी अपराध्याला लागेलच, असा भरवसा राहत नाही. आणि वाघ नरभक्षक का होतो, याचे कारणही त्याने दिले: बहुधा जखम, नाहीतर म्हातारपण. आज कोकणात रानडुकरांसाठी तारेची फासकी लावतात. त्यात बिबळेही अडकतात आणि तडफडून मरतात. त्यातून लंगडा होऊन सुटलेला बिबळ्या उद्या कोणाची वाट अडवील, याचा विचार फासकी लावणाऱ्याने करावा.

आपला कायदाही या बाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा बिबळ्याला संरक्षण देतो. तथापि एखादे जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले आणि त्याला धरणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही अशी खात्री पटली, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे लेखी नोंदवून ते मारण्याचा हुकूम देऊ शकतात. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेले, तर तोही गुन्हा नव्हे. कायद्याने दार उघडे ठेवलेले आहे. चूक होते ती वेळेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री बळी पडली. संतापलेले लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर तेथे बिबळ्याला गोळी घालण्यात आली. निर्णय लोकांचा संयम संपल्यावर झाला, की तो न्याय वाटत नाही, सूड वाटतो. मग संतापलेल्या गावाला कोणताही बिबळ्या अपराधीच दिसू लागतो.

तेव्हा माझे उत्तर असे. माणूस भक्ष्य करणारे जनावर कॅमेऱ्याने, पावलांनी, खुणांनी ओळखले गेले आणि ते धरता आले नाही, तर त्याला मारावे, आणि ते काम विनाविलंब, जबाबदार हातांनी व्हावे. पण जात म्हणून बिबळ्याला मारू नये, आणि संशयावरून तर मुळीच नाही. निरपराध बिबळ्या मारला की खरा अपराधी मोकळाच राहतो आणि गाव मात्र निर्धास्त होऊन अंगणात पोरे सोडते. याहून मोठा धोका कोणता?

गोळीपर्यंत पाळी येऊ नये म्हणून करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. विहिरीला कठडा हवा. गोठ्याला भक्कम दार हवे. वाडीच्या वाटेवर दिवा आणि घराजवळ शौचालय हवे, कारण काळोखात वाकून बसलेले माणूस बिबळ्याला जनावरासारखेच दिसते. उकिरडा दूर हवा, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. तिन्हीसांजेनंतर लहान मूल अंगणात एकटे नको. हे केवळ खेड्यालाच लागू आहे, असे समजू नका. २०२२ च्या दिवाळीत मुंबईच्या आरे वसाहतीत दीड वर्षाची मुलगी बिबळ्याने नेली. ज्या शहरात आपण बाल्कनीत आकाशकंदील लावतो, त्याच शहरात हे घडले.

या कामांना पैसा लागतो, आणि तो एकट्या वाडीने घालावा हे न्यायाचे नाही. बिबळ्या जगावा असे साऱ्या देशाला वाटते, तर त्याची पट्टी एकट्या मेर्वीच्या शेतकऱ्याने का भरावी? वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर त्याच्या घरच्यांना सरकार २०२३ पासून २५ लाख रुपये देते. वासरू गेले तरी भरपाई आहे. ती चकरा न मारता, वेळेवर हाती पडली, तर निम्मा राग तिथेच निवेल. सह्याद्रीतले महादेव कोळी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस पाळतात आणि गुरे सांभाळ म्हणून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्यांनी वाघाशी करार केला आहे. आपण शहरवासीयांनी निदान त्या करारातला आपला वाटा उचलावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांबरोबर बागेत गेलो. विहिरीला नव्या चिऱ्याचा कंबरभर कठडा दिसला.

"हा कधी बांधलात, मामा?"

"पावसाळ्याआधी. त्याच्या आधी पडला होता ना यात. रात्रभर ओरडत होता. मग वनखात्याची माणसे आली, पिंजरा सोडला, काढला वर."

"तेव्हा मारावासा नाही वाटला? तुमचे वासरू नेले होते ना त्याने?"

मामा कठड्यावर हात ठेवून आत वाकून पाहू लागले.

"त्यानेच नेले, हे कुणी पाहिले आहे? आणि विहिरीत पडलेल्याला काय मारायचे, रे! कठडा बांधला. आता वाघही पडणार नाही आणि आपली पोरेही पडणार नाहीत."