जुनें क्लॅरिओनेट पारखतांना



मिरवणुकींत बँडचा ताफा चालूं लागला म्हणजे त्या साऱ्या कल्लोळांतून गाण्याची चाल पुष्कळदां ज्या काळ्या नळीसारख्या वाद्यांतून उमटते, तें क्लॅरिओनेट आपणां सर्वांस ऐकून ठाऊक आहे. जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथील डेनर नांवाच्या कारागिरानें सुमारें १७०० सालीं तें सिद्ध केलें असें मानतात. इंग्रजी पलटणींच्या बँडांबरोबर तें आपल्याकडे आलें व येथेंच रमलें. नवें वाद्य महाग पडतें, म्हणून मुलाला शिकण्यासाठीं एखादें जुनें घ्यावें असा विचार अनेक घरांतून होतो. विचार चांगला आहे. परंतु पारख पाहिजे.

पारखीचें मुख्य तत्त्व एवढेंच, कीं दुरुस्त न होणारा दोष आधीं शोधावा व दुरुस्त होणारा मागाहून. सामान्य गिऱ्हाईक नेमकें उलट करतें. तें चाव्यांची चकाकी पाहतें, आणि चकाकी तर चिंधी व पॉलिश यांनीं तासाभरांत आणतां येते!

दुरुस्त न होणारा पहिला दोष म्हणजे वाद्याची पट्टी. आजचा सर्वमान्य स्वरमेळ ‘सा’चा नव्हे, तर पांढरी सहा ह्या स्वराचा ठरविलेला असून तो सेकंदास ४४० कंपनांचा आहे. परंतु इंग्लंडांत एके काळीं सुमारें ४५२ कंपनांचा चढा मेळ रूढ होता, आणि तेथील लष्करी बँडांनीं तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत धरून ठेवला होता. त्या मेळाचीं वाद्यें अद्यापि बाजारांत फिरत असतात. त्यांपैकीं कित्येकांवर ‘एच. पी.’ हीं इंग्रजी अक्षरें कोरलेलीं असतात. सखल मेळाच्या वाद्यावर ‘एल. पी.’ असतात. कित्येकांवर मात्र कांहींच नसतें. अशा वेळीं वाद्य जोडून, माऊथपीस वगळून, त्याची लांबी मोजावी. नेहमींचें काळी पांचचें वाद्य सुमारें सव्वातेवीस इंच भरतें. चढ्या मेळाचें त्याहून अर्धा-पाऊण इंच आंखूड असतें.

याहून पक्की कसोटी कानाची. डाव्या हाताचा अंगठा व पुढचीं तीन बोटें यांनीं रंध्रें मिटून जाणत्याकडून वाद्य फुंकवावें. नीट जुळविलेल्या पेटीवर काळी पांच वाजवून स्वर ताडून पाहावा. तो जुळला तर ठीक. पांढरी सहा निघाली तर तें ‘ए’ जातीचें वाद्य होय. तें सदोष नव्हे, पण बँडांत सहसा चालत नाहीं. स्वर काळी पांच व पांढरी सात यांच्या मध्येंच लटकत राहिला, तर तें चढ्या मेळाचें वाद्य समजावें. नळ्या ओढून तें उतरवितां येतें असें विक्रेता सांगेल. त्यावर विश्वासूं नये. तसें केल्यानें वरच्या रंध्रांचे स्वर अधिक उतरतात व खालचे कमी, आणि सारें सप्तकच विसकटतें.

ही केवळ शास्त्रार्थाची गोष्ट नाहीं. आमच्या शाळेंतील एका मुलास त्याच्या वडिलांनीं, कारकुनीच्या पगारांतून शिल्लक टाकून, असेंच एक लखलखीत वाद्य आणून दिलें. स्नेहसंमेलनाच्या तालमींत तें पेटीशीं कधींच जुळेना. मुलाचा कान कच्चा आहे असें घरांत व वर्गांत ठरून गेलें, आणि त्यानें वाजविणें सोडलें. पुढें कांहीं वर्षांनीं एका बँडवाल्यानें नळीवरचीं ‘एच. पी.’ अक्षरें दाखविलीं. दोष नळींत होता, आणि शिक्षा कानाला झाली!

दुसरी पाहणी लांकडाची. चांगलें क्लॅरिओनेट आफ्रिकेंतील काळ्या लांकडाचें असतें. हें झाड आपल्या शिसवीच्याच कुळांतलें. कित्येक वाद्यें एबोनाइटचीं, म्हणजे गंधकानें कठीण केलेल्या रबराचीं असतात. उन्हानें त्यांचा रंग हिरवट-तपकिरी होतो, आणि अंगठ्यानें जोरानें घांसल्यास गंधकाचा वास येतो. तीं टाकाऊ नव्हेत. मात्र लांकडाच्या भावानें घेऊं नयेत. लांकूड असल्यास चीर शोधावी. ती बहुधा वरच्या नळ्यावर, रंध्रांच्या आसपास असते व मेण-काजळीनें बुजविलेली असूं शकते. नळा दिव्यासमोर धरून आंतून-बाहेरून पाहावा. मग सर्व रंध्रें मिटून, एक तोंड तळहातानें दाबून दुसऱ्यानें हवा ओढावी. नळा ओठाला क्षणभर चिकटून राहिला तर तो हवाबंद आहे. न राहिल्यास गाद्या तरी गळत आहेत किंवा चीर तरी आहे.

तिसरी पाहणी रचनेची. आज बहुतेक ठिकाणीं शिकविली जाते ती बोहेम पद्धति पॅरिसमध्यें क्लोझे व बुफे यांनीं १८३९ च्या सुमारास सिद्ध केली. तिची खूण म्हणजे उजव्या करंगळीसाठीं चार चाव्या व एकंदर सहा कडीं. करंगळीला दोनच चाव्या असल्या तर ती जुनी साधी पद्धति होय. तुर्कस्तानांतील वादक आजही ती वापरतात. परंतु मुलाचा शिक्षक बोहेमचा असेल तर बोटें जुळणार नाहींत. म्हणून आधीं शिक्षकास विचारावें.

नांवावर भुलूं नये. दुसऱ्याच्या मालावर विक्रेत्याचें नांव कोरण्याची चाल जुनी आहे. मात्र नांवावरून कधीं काळ कळतो. बूसी व हॉक्स ह्या विलायती पेढ्या १९३० सालीं एक झाल्या. तेव्हां दोन्ही नांवें एकत्र असलेलें वाद्य एकोणिसाव्या शतकांतलें असणें शक्य नाहीं. दोन्ही नळ्यांवरील क्रमांक एकच आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें.

गाद्या, सांध्यांचें बूच, आपल्या पावसाळ्यांत गंजलेल्या सुयांसारख्या स्प्रिंगा, हे सर्व दोष बरे होणारे आहेत. त्यांचा खर्च किमतींतून वजा करावा, एवढेंच. आणि घरीं आणल्यावर, वर्षानुवर्षें मुकें राहिलेलें लांकूड पहिल्याच दिवशीं तासभर फुंकूं नये. रोज दहा-पंधरा मिनिटांपासून आरंभ करावा व वाजवून झाल्यावर आंतील ओल पुसावी. नाहीं तर धड लांकडालाही चीर जाते.

फूटपट्टी, दिवा, जुळलेली पेटी आणि एक जाणता माणूस, एवढी सामग्री बरोबर असली म्हणजे फसगत टळते, आणि मुलाच्या कानावर विनाकारण ठपका येत नाहीं.