घाटावरची फियाट की मालवणातली? जुन्या गाडीचा भाव कसा वाचायचा

(भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. ते मालवणचे. वडिलांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली, ती कधीच भंगारात गेली. आता वडील थकलेत, आणि तशीच एक गाडी दारात उभी करायची मुलाची इच्छा आहे. एक गाडी मालवणातच मिळतेय, स्वस्तात. दुसरी कोल्हापुरात, बरीच महाग. त्यांचा प्रश्न असा: 'मॉडेल तेच, वर्षही जवळपास तेच. मग कोल्हापूरवाला जास्त पैसे कशाचे मागतो?'

थोडक्यात उत्तर: पत्र्याचे. आता सविस्तर बोलू.

मीठ नेमकं काय करतं?

लोखंड गंजायला हवा आणि ओल, दोन्ही लागतात. किनाऱ्यावर तिसरी गोष्ट येते ती म्हणजे मीठ. लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येऊन गाडीवर बसतात. हवेतला दमटपणा साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की हे मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थर बसलेला असतो. वर पावसाळा आहेच. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरकडे सहाशे-सातशे. आपली तांबडी मातीही हातभार लावते. ती मडगार्डच्या आत थापून बसते, पाणी जायची भोकं बुजवते आणि ओल धरून ठेवते.

लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली फोड आल्यासारखा फुगवटा दिसतो. वर रुपयाएवढा फोड असला, तर आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो.

मग घाटावरची गाडी निर्दोष का?

नाही हो. तिची दुखणी वेगळी. कोरड्या भागात उन्हाने रबर कडक होतं, डॅशबोर्ड तडकतो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात. फोंडा, करूळ, आंबोली असे घाट सतत चढलेली गाडी असेल तर क्लच आणि ब्रेक झिजलेले असतात. पण ही सगळी दुखणी सुटे भाग बदलून बरी होतात. सडलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. म्हणजे दरवाजा किंवा फ्लोअर आता कारखान्यातून मागवता येत नाही. डेंटरने हाताने घडवायचा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार असतो, चाकरमान्यांची गाडी. मुंबईहून आणलेली, गणपतीत आणि मे महिन्यात फिरणारी, एरवी मांगरात उभी. किलोमीटर कमी दिसतात म्हणून आपण खूश होतो. पण उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, पेट्रोलची टाकी आतून गंजते. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली राहिलेली गाडी, असं नसतं.

हिशेब मांडून बघू

समजा, मालवणची गाडी ऐंशी हजार आणि कोल्हापूरची एक लाख तीस हजार. फरक पन्नास हजारांचा. आता मालवणच्या गाडीचं फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या दरवाज्याखालच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ करायचा असेल तर डेंटरकडून आधी अंदाज घ्या. तो पन्नास हजारांच्या वर गेला, तर स्वस्त गाडीच महाग पडली.

गोव्याची गाडी घेणार असाल तर आणखी एक खर्च धरा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. शिवाय गोवाही किनाराच, तिथला गंज काही वेगळा नाही!

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तेही गाडी तपासून. चॅसिस नंबर कोरलेली जागाच गंजून अक्षरं पुसट झाली असतील तर तिथे काम अडतं. तेव्हा सौद्याआधी आरसी बुक हातात घेऊन नंबर जुळवा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे. पण त्या नोंदणीवर रोजचं फिरणं चालत नाही. वडिलांना बाजारात न्यायचं असेल तर साधीच नोंदणी ठेवा.

बघायला जाताना

आमच्या ओळखीचे एक जुने मेस्त्री म्हणतात, "वरचो रंग बघू नको, खाली वाकान बघ." तेच करा.

- लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्याच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला लावा. चिकटला नाही तर आत पुट्टी भरलेली आहे.
- मॅट उचला. स्टेपनी काढून डिकीचा तळ बघा. बॅटरीखालची जागा बघा.
- खालून ताजा काळा थर मारलेला असेल तर विचारा, कशावर मारला?
- जमलं तर भर पावसात गाडी बघा. कुठून गळते ते आपोआप कळेल.

आणि गाडी मालवणात आणल्यावर?

कोल्हापूरची धडधाकट गाडी इथे आणली म्हणजे सुटलो असं नाही. खारा वारा तिलाही सोडणार नाही. खालची बाजू नियमित गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. पाणी जायची भोकं उघडी ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. छप्पर असलेली, वारा खेळणारी जागा उत्तम. आणि फोटोसाठी तारकर्लीच्या वाळूत गाडी घालू नका, प्लीज.

तर, श्रोतेदादा, माझा सल्ला असा: मालवणच्या गाडीखाली एकदा वाकून बघा. तळ शाबूत असेल तर तीच घ्या, नशीब समजा. नसेल तर कोल्हापूरवाल्याला जास्तीचे पैसे द्या. तो पैसे मागतोय ते त्या गाडीने समुद्रापासून लांब काढलेल्या वर्षांचे. आणि जी घ्याल तिची पहिली फेरी वडिलांना मारू द्या. कशी झाली ते आम्हाला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात.